रविवारचं काम आणि काजूचा कडता, तुम्ही लोक काय करता?

वसईची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची वसईची. लग्न होऊन मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका गावात आले त्याला नऊ वर्षं झाली. आमच्या वसईत रविवारी सकाळी रस्त्यावर दिसेल तो माणूस एकतर चर्चला चाललेला नाहीतर चर्चवरून आलेला, त्यामुळे ख्रिस्ती म्हणून वेगळं काही करावं लागतं असं कधी वाटलंच नाही, गाव जाईल तिकडे आपण. इथे आमची अकरा घरं आणि एक छोटं चॅपल. फादर दुसरीकडून येतात, रविवारी साडेसातची एकच मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली सामूहिक उपासना, ती झाली की त्यांची गाडी पुढच्या चॅपलला.

सासरचा काजूचा धंदा आहे. मोठा काही नाही. मार्च ते मे गावातून बी विकत घ्यायची, थोडी घरीच उकडून फोडून सोलून गर विकायचे आणि उरलेली बी कारखान्याला द्यायची. सोलायला चार बाया येतात, चौघी हिंदू, रोजाच्या साडेतीनशेवर. सीझनमध्ये रविवार बिविवार काही नसतो. मी मिस्सेला जाते, येते, साडी बदलते आणि कामाला लागते.

तर झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, काय झालं. मी चर्चमधून आले, हातात माडाची झावळी तशीच होती. अंगणात चौघीजणी येऊन बसलेल्या आणि खळ्यात नवरा एका म्हातारीची बी मोजत होता. भरली सहा किलो तीनशे ग्रॅम. आमच्याकडे पद्धत अशी की वरचे ग्रॅम सोडून द्यायचे आणि दहा किलोला अर्धा किलो कडता, म्हणजे वजनातून कापायचं, दहाच्या आत असेल तर पाव. म्हणजे वहीत लिहिलं पावणेसहा. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, हातातल्या झावळीकडे बघितलं आणि म्हणाली, "बाये, देवाकडे जाऊन इलंस मां? मगे आज तरी पुरा वजन धर."

नवरा हसला. बाया पण हसल्या. मी पण हसले. पण त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही. एकशेवीसच्या दराने सहासष्ट रुपये होतात, मी नंतर हिशोब केला.

माझे प्रश्न दोन. एक, रविवारी बायांना कामाला बोलावणं चूक आहे का? त्यांना स्वतःला यायचंच असतं, नाही बोलावलं तर त्यांचा रोज बुडतो. दोन, कडता. नवरा म्हणतो बी सुकून वजन कमी होतं ते आपण का भरायचं, आणि सगळेच घेतात. तेही खोटं नाही. तुमच्यात कोणी धंदेवाले असतील, ख्रिस्ती असोत नसोत, तर सांगा काय करता ते. उपदेश नको, उपदेश मी माझा मलाच रोज करतेय 😅

चाकरमानी_दादर

ताई, धंद्यात धर्म आणू नका, सरळ सांगतो. आफ्रिकेतून बी आली की इथले दर आपटतात, कारखानदार तुमच्याकडून घेताना कडता लावतोच, मग तुम्ही खालून घेतला नाही तर मधल्या मध्ये तुम्हीच चिरडणार. तुमच्या गावात दुसरा व्यापारी असेलच, तो घेत राहणार आणि वर तुम्हाला हसणार. चर्चमध्ये चर्च, काट्यावर काटा. आणि रविवारचं म्हणाल तर त्या बायकांना रविवारशी काय घेणं आहे, त्यांचा सण गणपती.

जपमाळ६१

बाये, मी सावंतवाडीकडची, तीस वर्षां पोरांका धर्मशिक्षण शिकवलंय म्हणान लिवतंय, नायतर ह्या फोनवर माका काय टाइप करूक जमणा नाय. पुढचा शुद्ध लिहिते, नाहीतर वसईवाल्यांना कळायचं नाही.

आधी नियम सांगते म्हणजे उगाच भीती नको. चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेत, १२४७ वं कलम आहे. रविवारी मिस्सेत भाग घ्यायचा आणि उपासना, त्या दिवसाचा आनंद, मनाशरीराची विश्रांती ह्यांच्या आड येणारी कामं टाळायची. पुढच्याच कलमात आदल्या संध्याकाळची मिस्सा चालते असं पण आहे, पण तुमच्याकडे शनिवारी फादर येतच नाहीत म्हणजे त्याचा तुला उपयोग नाही. घरची गरज असेल तर सूट आहे, हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट दिलंय. तेव्हा एप्रिलमध्ये पाऊस येईल म्हणून रविवारी बी गोळा केलीस तर पाप लागलं म्हणून रडत बसू नकोस. येशूच म्हणाला, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही.

पण ह्यात तू फक्त तुझ्या रविवारचा विचार केलास. दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात, ठाऊक आहे ना? निर्गम ह्या पुस्तकात विश्रांतीचं कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावला. अनुवाद नावाच्या पुस्तकात कारण वेगळं आहे. तिथे म्हटलंय, तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास हे आठव. बैलाचं आणि गाढवाचं पण नाव आहे बघ त्या यादीत! तुझ्या चार बाया कुठल्या देवाला मानतात ते त्यात कोणी विचारलेलं नाही.

आता त्यांचा रोज बुडतो म्हणतेस. मग त्यांनी घरी बसून उपाशी विसावायचं काय? सुट्टी द्यायची तर पगारी दे. नायतर देव नको. (मेल्या ह्या फोनान आपोआप लिवल्यान. "देऊ नको" वाचा.)

काजूगर

मी कुडाळ साइडला छोटं युनिट चालवतो, हिंदू आहे, बायबल वगैरे काही वाचलेलं नाही, पण कडत्याबद्दल बोलतो कारण ह्यात लोकांचा फार घोळ असतो.

तुमचे मिस्टर अर्धं बरोबर बोलतायत. झाडाखालून आजच वेचलेली बी ओली असते. माझ्याकडे अशी बी दोन-तीन उन्हं खाल्ली की किलोमागे शंभर ग्रॅमच्या आसपास कमी भरते, अवकाळी पडून गेल्यावर आणलेली तर अजून जास्त. साठवायची तर ओलावा आठ-नऊ टक्क्यांपर्यंत खाली यावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते आणि गर काळा पडतो. म्हणजे घट खरी आहे, ती कोणीतरी भरायलाच हवी.

पण विचार करा, ती घट भरतो कोण? जो माणूस घाईघाईत ओली बी आणून ओततो त्याची घट दहा टक्के आणि तुम्ही त्याच्याकडून पाचच कापता, म्हणजे तो फायद्यात. जी म्हातारी तीन दिवस अंगणात पसरून, कोंबड्या हाकलून, संध्याकाळी गोळा करून कडक सुकलेली बी आणते तिची घट जवळजवळ शून्य आणि तिचे पण पाच टक्के कापले. चांगलं काम करणाऱ्याने खराब काम करणाऱ्याचे पैसे भरायचे असा हा हिशोब आहे. आणि मग लोक बी सुकवून का आणत नाहीत म्हणून आपणच ओरडायचं.

मी चार वर्षांपूर्वी सरसकट कडता बंद केला. पुण्य वगैरे डोक्यात नव्हतं, मला सुकी बी पाहिजे होती एवढंच. आता दोन दर लावतो, सुक्याचा एक आणि ओल्याचा एक, दोन्ही पाटीवर लिहिलेले. ओळखायला मशीन मिळतं पण रोजच्याला नख पुरतं. बीच्या सालीवर अंगठ्याचं नख दाबा, खूण उठली तर ओली. सुकलेली मूठभर लादीवर टाकली तर कडकड वाजते. पोकळ किती आहेत बघायचं तर थोडी पाण्यात टाका, हलकी वर तरंगतात. भांडण झालंच तर सरळ एक किलो बाजूला काढून त्याच्या नावाने पिशवीत सुकवायला ठेवतो आणि तीन दिवसांनी त्याच्या समोर मोजतो. दोनदाच वेळ आली तशी.

काजूच्या जातीप्रमाणे दर पण वेगळा ठेवा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या चार नंबर, सात नंबरची बी मोठी असते, गावठी बारीक. एका पौंडात तीनशेवीसच्या आत बसणारा गर आणि त्याहून बारीक गर ह्यात विकताना आपल्याला फरक मिळतो, तर घेताना द्यायला हरकत काय.

वरचे ग्रॅम सोडायला मात्र काही कारणच नाही. इलेक्ट्रॉनिक काटा आहे ना? वर्षाला त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का मारून घेता तो ग्रॅम सोडायला का?

वसईची_लेक

@काजूगर, हे वाचून मी खळ्यात जाऊन म्हातारीची बी शोधली, तिची पिशवी अजून वेगळीच होती. नख लावलं. काही उठलं नाही. लादीवर टाकली तर खडे टाकल्यासारखा आवाज.

@जपमाळ६१ मावशी, "देव नको" वाचून माझी सासू पोट धरून हसली.

पाचूबंदर

चाकरमानी साहेब, "धर्म धंद्यात आणू नका" हे आम्ही वसईकरांनी भरपूर ऐकलंय. नव्वदीच्या आसपास आमच्याकडे जमिनी आणि पाण्याचा प्रश्न पेटला, शेतं बिल्डरांच्या घशात चालली, विहिरींचं गोडं पाणी टँकरने चाललं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर उतरले. त्यांना काय ऐकवलं लोकांनी? फादरने मिस्सा बघावी, टँकर बघू नयेत. आमच्या घरातच दोन पार्ट्या होत्या, माझा काका म्हणायचा झग्यातल्या माणसाने मोर्चात जायचं काम नाही आणि माझी आय म्हणायची विहीर आटल्यावर तुझा बाप्तिस्मा कशाने करायचा रे. ते फादर पुढे २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैत गेले. अंत्यविधीच्या दिवशी काकाच सगळ्यात जास्त रडत होता हे सांगायला हवं.

वसईची लेक, तुझं ते "गाव जाईल तिकडे आपण" वाचून जरा लागलं. खरं आहे. आम्ही सगळे एकाच बाकावर बसणारे, त्यामुळे आमच्या काट्याकडे बघून कोणी म्हणत नाही की तू आत्ताच मिस्सेवरून आलास. आम्ही कोळी, मासळीच्या वाट्यात पण असलं खूप चालतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

पाळकाचा_धाकटा

मी प्रोटेस्टंट, रत्नागिरीला वाढलो, वडील चर्चचे पाळक होते. आमच्याकडे कॅनन, म्हणजे मावशींनी सांगितला तसा चर्चचा कायदा, नाही, तेव्हा मी सरळ पुस्तक उघडतो. ताई, तुम्ही दोन प्रश्न म्हणून लिहिलंत पण बायबलातल्या आमोस संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात हे दोन्ही एकाच वाक्यात आहेत, पाचवं वचन काढून बघा. व्यापारी म्हणतायत, सण कधी एकदाचा संपतो म्हणजे धान्य विकू, शब्बाथ कधी सरतो म्हणजे गहू बाहेर काढू, मग माप लहान करू, घ्यायचं वजन मोठं करू आणि तागडीत खोट ठेवू. लोक शब्बाथ पाळत होते बरं का! दुकान बंद ठेवून बसले होते, फक्त बसल्या बसल्या कडत्याचा हिशोब चालला होता. पुढच्या वचनात तर गव्हाची झाडलोट पण विकायचं बोलतात.

आणि हा आमोस कोण, तर तकोवा गावचा मेंढपाळ आणि उंबराच्या झाडांची निगा राखणारा. म्हणजे आपल्याच लाइनचा, बागायतदार. माझे वडील हे वचन दरवर्षी एप्रिलात घ्यायचे, आंब्याच्या पेट्या भरायच्या वेळेला. वरच्या थराला मोठं फळ आणि खाली बारकं भरणारे दोघे-तिघे समोरच बसलेले असायचे. त्यातला एक आमचा घरमालक होता 🙂

अनुवादमध्ये पण आहे, पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची वजनं ठेवू नकोस. तुमच्या मिस्टरांना चिडवायला नाही सांगत. कारखान्याला देताना तुमच्यावर कडता लागतो तेव्हा ते काय म्हणतात, तेवढं फक्त ऐकून ठेवा.

वसईची_लेक

काय म्हणतात ते लिहिता येणार नाही इथे.

काल रात्री दोघं बसलो हिशोबाला. सीझनला साधारण चार टन बी घेतो. पाच टक्क्यांनी दोनशे किलो, म्हणजे चोवीस हजार. बारा रविवार पगारी धरले तर चार बायांचे सोळा हजार आठशे. दोन्ही मिळून चाळीस हजार आठशे. नवरा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मुलाची शाळेची फी तू म्हातारीकडून घेऊन ये. चुकीचं पण काय बोलला सांगा. पैसे हवेतून येणार नाहीत. ओल्या बीला कमी दर लावला तर त्यातले बरेचसे परत मिळतील हे @काजूगर भाऊंमुळे त्याला पटलंय, थोडं.

मला एक सुचलंय, कसं वाटतं सांगा. ह्या वर्षी आत्तापर्यंत जो कडता घेतला तो वहीत आहे, नावासकट. सीझन संपल्यावर प्रत्येकाला तेवढे पैसे बोनस म्हणून द्यायचे. लोकांना बरं वाटेल, पुढच्या वर्षी बी पण आपल्याकडेच येईल, नवऱ्याला पण हे पटण्यासारखं आहे.

गावकर_खालचीवाडी

मी हिंदू, परुळ्याच्या बाजूचा. माझी घरवाली काजू कारखान्यात सोलायला जाते, सालाचं तेल लागून बोटं कशी होतात ते बघितलंय, कितीही राख लावा नाहीतर खोबरेल लावा. रविवारी पगारी सुट्टी कोणी दिली तर ती पहिलं काय करेल सांगू? झोपेल.

दुसरी गोष्ट आमच्या आज्याकडून ऐकलेली. आमच्या वाडीत एका किरिस्तांवाचं दुकान होतं, मिठापासून रॉकेलपर्यंत. तेव्हा भात पायलीने मोजायचे आणि प्रत्येकाच्या घरची पायली थोडी थोडी वेगळी, कोणाची तळाला ठोकलेली, कोणाची काठाला झिजलेली. भावाभावात भाताचे वाटे करायचे झाले की पायली त्या दुकानातून आणायची. भांडणारे दोघं पण त्या पायलीला काही बोलायचे नाहीत. दुकानदार स्वभावाने तुसडा होता म्हणे, उधारी मागायला भर लग्नात यायचा. पण पायली त्याचीच. आज्याने मला कधी बायबल सांगितलं नाही, त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याला पायली ठाऊक होती.

पाळकाचा_धाकटा

ताई, बोनस म्हणू नका, हात जोडतो.

बोनस म्हणजे तुमच्या खिशातून खुशीने दिलेलं. हे त्यांचेच पैसे. त्यांचेच सहासष्ट रुपये घेऊन, पाकिटात घालून, वर "सीझन भेट" लिहून दिले तर ते तुमचे पाय धरतील आणि तुम्ही धरू द्याल. बायबलातला जकात घेणारा जक्कय आठवा. झाडावरून उतरला आणि दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो ही एक, आणि ज्याचं लबाडीने घेतलं त्याला चौपट परत करतो ही दुसरी. दान वेगळं, परतफेड वेगळी, दोन्हीची सरमिसळ त्याने केली नाही. चौपट करा असं म्हणत नाही, तुमचा नवरा माझ्या घरी येईल. पण नाव खरं द्या.

जपमाळ६१

ह्या बाबतीत प्रोटेस्टंट झिलाचा बरोबर. आमच्याकडे पण पापनिवेदनाक गेल्यावर फादर हेच विचारतले, परत केलंस काय? चोरलेला परत केल्याशिवाय नुसत्या तीन नमो मारियाच्या प्रार्थनांवर भागणा नाय. तुका बोलूक कठीण जातला म्हणान तू बोनस म्हणतंस, माका कळता. मी पण असतंय तर तेच केला असता.

चाकरमानी_दादर

मंडळी, तुम्ही सगळे मिळून त्या बाईचा धंदा बुडवणार. तरी लिहून ठेवतो, पुढे काय झालं ते कळवा ताई. खरंच जाणून घ्यायचंय.

वसईची_लेक

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले. @चाकरमानी तुमच्यासाठी खास लिहितेय, रात्रीचे अकरा वाजलेत आणि अंगाला काजूचा वास येतोय तरी.

पाटी लावली. सुकी एक दर, ओली एक दर, ग्रॅम धरले जातील. सरसकट कडता बंद. पहिल्या आठवड्यात नख लावण्यावरून तीन भांडणं झाली, एकाने तर माझं नखच मोठं आहे म्हणून सांगितलं. पण आता सुकी बी वाढलीय, हे नवऱ्याने स्वतः मान्य केलं, मी काढून नाही घेतलं त्याच्याकडून. चोवीस हजार काही जात नाहीत, थोडे जातील. किती ते मेअखेर कळेल.

परतफेड सुरू केली. वहीतली नावं घेऊन संध्याकाळी एकेका घरी जातोय, बहुतेक मी आणि सासू, नवरा एकदाच आला. पहिल्या घरी मला तोंडातून शब्द फुटेना. सासूच बोलली, आमी तुमचा वजन कमी धरलेला, ते हे पैसे. समोरच्या काकांनी पैसे मोजले, चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, माका ठाऊक होता. एवढंच. त्यांना ठाऊक होतं आणि चार वर्षं ते आमच्याकडेच बी घालत होते, हे ऐकून मला उलट जास्तच कसंतरी झालं. एका घरी वहीत चाळीस रुपये निघत होते तर ते म्हणे दीडशे होतात, वाद घातला, शेवटी सासूने पन्नास देऊन मिटवलं. एकीने पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊन स्वतःचा मागचा कडता मागितला. तो संध्याकाळी आमच्या अंगणात. काय बोलला ते सोडा. नवरा शांत होता पण आत येऊन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. @चाकरमानी, हे तुम्ही सांगितलं होतंत, मान्य.

गेल्या वर्षीच्या वहीचं काय करायचं ते अजून ठरत नाही. ती सासऱ्यांच्या कपाटात आहे.

रविवार. चौघींना सांगितलं, रविवारी यायचं नाही, रोज मिळेल. आधी त्यांना वाटलं मी कामावरून काढतेय. पहिल्या रविवारी एक खरंच झोपली, नवरा उठवायला गेला तर त्याला लाथ घातली म्हणे. एक माहेरी जाऊन आली. आणि उरलेल्या दोघी? सुट्टीचा रोज माझ्याकडून घेऊन रविवारी एका बागेत आंब्याच्या पेट्या भरायला गेल्या, तिथला वेगळा रोज. मला सोमवारी कळलं. राग आला, खोटं कशाला बोलू. मिस्सेत बसून मी ह्यांच्यासाठी पगारी सुट्टी ठरवली आणि ह्या... म्हटलं बोलावं. मग नाही बोलले.

@जपमाळ६१ मावशी, बोलायला हवं होतं का?

जपमाळ६१

काय बोलतलंस गो? एकीच्या पोराची बारावी असतली, एकीचा घर शाकारूचा असतला. पाऊस काय रविवार बघून येता?

काजूगर

पाटीचा फोटो टाका ना ताई. आणि ओलाव्याचं मशीन घ्यायचं असेल तर आत्ता नको, सीझन उतरला की घ्या, स्वस्तात पडतं. ती म्हातारी आली का परत?

वसईची_लेक

आली. परवा. फोटो उद्या टाकते.

मी काटा फिरवून ठेवलाय, आकडे विकणाऱ्याच्या बाजूला, हे पण माझं डोकं. पाटीपेक्षा मला त्याचंच जास्त कौतुक होतं. म्हातारी आली, पिशवी काट्यावर ठेवली, तिचे सहासष्ट रुपये आधीच पोचले होते त्याबद्दल एक शब्द नाही. मी म्हटलं, आजी, बघा किती झालं, तुमच्याच बाजूला केलाय आता.

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "माका आकडे खय वाचूक येतत गो. तूच सांग."

सात किलो एकशेचाळीस झालं होतं. तेवढंच सांगितलं.